सिस्टिम नावाचं खातं

डेटाबेस बसवला की त्याच्यासोबत दोन खाती आयतीच येतात. ‘सिस’ मालकाचं. डेटाबेसचा मूळ पसारा त्याच्या नावावर, म्हणून रोजच्या कामाला त्याला कुणी हात लावत नाही. ‘सिस्टिम’ कारभाऱ्याचं. नवे वापरकर्ते घालायचे, जागा वाढवायची, कुणाचं काम अडकलं तर सोडवायचं. दवाखान्याच्या तळमजल्यावर नवरा-बायको दोघंही ‘सिस्टिम’ म्हणूनच काम करायची. पासवर्ड एक, खुर्च्या दोन.

मग सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. नवरा त्यांच्याकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला आणि तिथूनच काम करू लागला. सर्व्हरपाशी कुणीतरी हवं, म्हणून बायको मागे राहिली.

रोज सकाळी ती डेटाबेसमध्ये आत कोण कोण आहे ते पडद्यावर बघायची. ‘सिस्टिम’ दोनदा दिसायचं. एक ती, एक तो. फोनवर बोलणं औषधं आणि डॉक्टर यांच्यापलीकडे जात नसे, पण पडद्यावर तो शेजारीच बसल्यासारखा वाटे. एकदा ती एक अडकलेलं काम सोडवायला गेली, तर ते आधीच सुटलेलं.

“थांबायचंस ना, मी करतच होते!” ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. दारातली नर्स खुदकन हसली.

पुढे दवाखान्याचे संगणक तपासायला तपासनीस आले. “एकाच नावानं दोघं? उद्या बिघडलं तर कान कुणाचा धरायचा?”

“आमच्यात भांडण नाही हो.”

“नाही तोवरच हे चालतं, बाई.”

त्यांचं खरं होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. ठरलं असं: ज्याचं त्याचं स्वतंत्र खातं, तेही इमारतीत हजर असेल त्यालाच. ‘सिस्टिम’ला कुलूप.

तिनं नवऱ्याला फोन केला.

“म्हणजे मी बाहेर?” तो म्हणाला.

“रजा घे. आईंकडे बघ.”

“कुलूप कोण लावणार?”

“मीच. दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही.”

“मग निघतो मी.”

‘सिस्टिम’ची दुसरी ओळ पडद्यावरून गेली. तिनं हुकूम टाइप केला, एन्टर दाबलं. फोन तसाच चालू होता.

“आई काठी घेऊन दारापर्यंत जाते आता,” तो म्हणाला.

“मग लवकरच येशील.”

“जिना उतरायला लागली की.”

दुसऱ्या दिवशी पडद्यावर तिचं एकटीचं नाव होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं मान खाली घालून काम केलं. मग डबा न उघडताच त्याला फोन लावला.

“काय अडलं?” त्यानं घाईनं विचारलं.

“काहीच नाही. तुझी आठवण आली.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे असं सरळ ती कधी बोलली नव्हती. पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढली.

“बोल,” तो म्हणाला, “बसलोय मी.”