आईला आणायचं कुणी?

घरच्यांनी त्याचं नाव गवत्या ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला शोभायचं. बाकीचे शास्त्रज्ञ रोगराईशी झुंजतात. हा पठ्ठ्या वर्षानुवर्षं भाताचं इवलंसं फूल भिंगाखाली धरून बसलेला. भाताला फूल येतं हे निम्म्या नातेवाइकांना त्याच्यामुळेच कळलं, आणि कळून कुणाचं काही भलं झालं नाही.

त्या सकाळी त्याचं भाषण होतं. नेमकं त्याच सकाळी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आईला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. जुळा भाऊ होताच की! तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याला कुठे भाषणं असणार, असं मनाशी म्हणून गवत्या निर्धास्त झाला. एक फोन करून विचारायचं मात्र साहेबांना सुचलं नाही.

भाषण झकास रंगलं. फूल घडवणाऱ्या जनुकाची भातासारख्या गवतात एक जुळी प्रत असते, हे त्याने मोठ्या थाटात सांगितलं. एक बंद पाडलं तर दुसरं निमूट काम सांभाळतं, फुलाला पत्ताही लागत नाही. दोन्ही बंद पाडली की मात्र फुलाच्या जागी नुसती पानं. तसलं बिघडलेलं फूल त्याने पडद्यावर दाखवलं, आणि त्याची बोबडीच वळली. भाऊही आपल्यासारखाच निर्धास्त बसला असेल तर? "कुणाला प्रश्न?" असं अध्यक्ष विचारत होते, तेव्हा हा शहाणा जिना उतरत होता.

दवाखान्याच्या दारात पाना हातात घेऊन धावत आलेला भाऊ त्याच्यावरच आदळला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विचारायचं काही उरलं नव्हतं.

आत बाकावर आई एकटीच बसली होती. एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर पिशवी. बाकीचे पेशंट कधीच घरी गेले होते. फरशी पुसणारी तिच्या पायांभोवतीचं सोडून बाकी सगळं पुसून गेली होती. गवत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आदल्या दिवशी त्याने तिच्यासमोरच भाषणाची तालीम केली होती. तिला ते चांगलंच आठवत होतं.

"अजून थोडा वेळ बसले असते तर मलाही पानं फुटली असती," ती म्हणाली.

गवत्या ओशाळून हसला. दोघा भावांनी एकदमच पिशवीला हात घातला. आईने ती हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"आता दोघं कशाला? कुणीही एक आला असता तरी चाललं असतं रे."