ऐकणाऱ्याचा रकाना

लॉन्ड्रीतली आक्का कुणाच्या बापाला भ्यायची नाही. पण सरकारी शाळेच्या त्या बुटक्या बाकात पुरती अडकली होती. गुडघे फळीखाली, पाठ मागच्या बाकाला, आणि मान दाराकडे.

दोष तिच्याच जिभेचा. उन्हाळ्याच्या सुट्टीतला फुकट वर्ग, जागा वीस आणि रांग शंभराची. नात भिंगरी तोंडाने तुरुतुरु, पण जोडाक्षर आलं की तिला धाप लागायची. या वर्गाला बसली नाही तर यंदाही त्याच इयत्तेत. बाईंनी विचारलं, "घरात वाचणारं मोठं माणूस आहे? शेवटच्या तासाला रोज येऊन पोरीला पान वाचून दाखवायचं. माणूस नसेल तर जागा दुसऱ्याला."

भिंगरीची आई दिवसपाळीला. आक्का म्हणाली, "आहे की! मी काय शोभेला उभी आहे?"

सहीच्या जागी तिने तीन उभ्या रेघा आणि खाली एक टिंब काढलं. लॉन्ड्रीत घरच्या कपड्यांवर ती दोऱ्याने हीच खूण घालायची. चाळीस घरांच्या अशा खुणा तिच्या डोक्यात होत्या. कॉलर उलटली की सदरा कुणाचा ते झोपेत सांगेल. बाईंना वाटलं, सही झोकदार आहे.

पहिल्या दिवशी चष्मा विसरला. दुसऱ्या दिवशी फुटला. तिसऱ्या दिवशी बाईंनी खोकंभर चष्मे आणून ठेवले. "घ्या आजी, एखादा बसेलच."

पहिलाच बसला मेला.

आक्काने पान उघडलं, तर चाळीस घरांच्या खुणा एकाच सदऱ्यावर घातल्यासारख्या! बाई दाराशीच उभ्या.

"भिंगरे," आक्का दातांतून म्हणाली, "तू हळू बोल, मी जोरात बोलते."

"आजी, तुला वाचता..."

"बोल म्हणते ना!"

"नदीवर एक जुना पूल होता," भिंगरी कुजबुजली.

"नदीवर एक जुना पूल होता!" आक्का गरजली. पुढच्या बाकावरचे कुणाचे तरी काका दचकले.

अर्धं पान असंच सरलं. पोर अडखळली की आक्का चिमटा काढी, आणि पोर अक्षर फोडून फोडून पार करी. मग एक असं आलं, की चिमट्यानेही हलेना.

"आजी, हे मला येत नाही!" भिंगरी कुजबुजायचं विसरली.

बाई जवळ आल्या. "मग तुम्ही सांगा की, आजी."

आक्का उठायला गेली. बाकाने सोडलं नाही. पळायचीही सोय उरली नव्हती.

"मला येत असतं तर हिला चिमटे काढले असते का?" ती म्हणाली. "खोटं मी बोलले. माझं नाव खोडा. पोरीची जागा तेवढी ठेवा."

बाईंनी हजेरीचा तक्ता बघितला. "इथे दोनच रकाने आहेत, वाचणारा आणि ऐकणारा. कोण मोठं, कोण लहान, ते छापलेलं नाही. अर्धं पान कुणी वाचलं?"

"हिने."

"ऐकलं कुणी?"

"अख्ख्या शाळेने," काका म्हणाले.

बाईंनी पहिल्या रकान्यात भिंगरीचं नाव घातलं आणि दुसरा आक्कापुढे सरकवला. "मात्र रोज यायचं. ऐकणारं चुकलं, की जागा गेली."

म्हणजे सुट्टी सरेपर्यंत सुटका नाही. आक्काने तीन रेघा ओढल्या, खाली टिंब दिलं.

"येईन. आता कुणीतरी हात द्या, नाहीतर उद्याची हजेरी इथूनच लागेल."