आत्याचा उलटा स्वल्पविराम

टोंगात माणूस राजाला भितो, पाद्र्याला भितो आणि आत्याला भितो. पहिल्या दोघांना जरा कमी.

फिलिमोनेची आत्या उंगातेआ कोलोवाई गावच्या चर्चची सूचनापाटी वर्षानुवर्षं लिहीत आली होती. हल्ली तिचा हात थरथरे. चर्चची शताब्दी आली, तेव्हा पाद्र्यांनी ठरवलं की सगळे फलक आत्याच्याच अक्षरात निघावेत, आणि फिलिमोने छापखान्यात असल्यानं त्यानं त्या अक्षराचा फॉन्ट करावा. आत्यानं तिच्या धडधाकट दिवसांतला एक कागद काढून दिला. आत्यानं काही दिलं की भाच्यानं घ्यायचं असतं, विचारायचं नसतं.

फॉन्ट झाला. फिलिमोनेनं टोंगन भाषेत ‘शंभर वर्षं’ टाईप केलं आणि ‘वर्षा’च्या शब्दाच्या मधोमध एक रिकामी चौकट उभी राहिली. इंटरनेटवर फॉन्टवाल्यांचा हा सर्वात जुना प्रश्न होता: चौकट का दिसते? उत्तरही तितकंच जुनं: ते चिन्ह फॉन्टमध्ये नाही, ज्याचं अक्षर त्याच्याकडून लिहून घ्या. चौकटीच्या जागी हवी होती घशातल्या अडखळीची खूण, आवाज मध्येच तोडायचा तिथली; ती आत्याची पिढी लिहीतच नसे. वाचणारा टोंगन आहे ना, मग अडखळेल आपला आपण, असं तिचं म्हणणं. पण फलकावर खूण नसली तर तोच शब्द ‘वर्षा’ऐवजी ‘लढाई’ होत होता, आणि शंभर लढायांचा आनंदोत्सव चर्चला परवडणारा नव्हता. आत्याकडे खूण मागणं म्हणजे तिला शुद्धलेखन शिकवणं. त्यानं आत्याचाच स्वल्पविराम घेतला, उलटा केला आणि वर चिकटवला.

मग त्याच्या अंगावर काटा आला. वडीलधाऱ्यांच्या डोक्याला हात लावू नये, एवढंच त्याला शिकवलं होतं. त्यानं आत्याला डोक्यावरच उभं केलं होतं. असल्या पापाची शिक्षा घशाला होते, हे सगळ्यांना ठाऊक. सकाळी त्याचा घसा धरला. छापखान्यातल्या केलेपीनं विचारलं, “आत्याचा स्वल्पविराम गिळलास की काय?”

फलक छापून झाले, खूण कोणाला खटकली नाही. पाद्र्यांनी फॉन्ट चर्चच्या मंडळातल्या सगळ्यांना वाटून टाकला. चार दिवसांनी चर्चच्या दारावर आत्याच्या अक्षरात सूचना लागली: शताब्दीचे लू, म्हणजे पानांत बांधून शिजवलेलं मांस, सगळे पाद्र्यांच्या घरीच पोचवावेत. बायका मुकाट्यानं लूसाठी तारोची, म्हणजे अळूसारखी, पानं मोजायला लागल्या. आत्याचं अक्षर म्हटल्यावर कोण विचारणार?

आत्यानं फिलिमोनेला बोलावलं. तो ताओवाला, मोठ्यांसमोर कमरेला बांधायची ती चटई, घट्ट बांधून गेला. सूचना तिच्या मांडीवर होती.

“हे अक्षर कोणाचं?”

“तुमचं, आत्या.”

“लिहिलं मी?”

“नाही.”

“मग माझा हात तोडून कोणाकोणाच्या खांद्याला लावलास रे?”

मग तिचा आवाज अगदी हळू झाला, आणि तेच त्याला जास्त लागलं.

“म्हणजे मी मेल्यावरही हा हात लिहीतच बसणार. काहीही.”

आत्याही भिते, हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मग तिचं बोट खुणेवर थांबलं.

“हे काय?”

त्यानं सगळं सांगितलं. डोकं खाली, शेपूट वर, हेसुद्धा.

“उलटा,” आत्या म्हणाली. मग डोळे बारीक करून तिनं सूचना परत वाचली. “मी ही खूण जन्मात लिहिली नाही. गावाला माहीत आहे ते. रविवारी चर्चमध्ये उभा राहा आणि सांग: जिथं ही खूण, तिथं मी नाही.”

“आणि खूण कोणी केली, तेही?”

“तेही. मोठ्यानं.”

रविवारी तो उठला. पहिल्या बाकावरून आत्या मागे वळून बघत होती. त्यानं सांगितलं, मध्ये एकदा पाणी मागितलं, पुन्हा सांगितलं. पाद्री स्तोत्रांच्या पुस्तकात काहीतरी महत्त्वाचं शोधत होते.

मग आत्यानं खडू मागवला. पाटीवरची अक्षरं वादळातल्या होडीसारखी हेलकावत होती: लू सगळ्यांना. बायकांनी पानं मोजणं थांबवलं आणि चुली पेटवल्या.