ढगीचा चित्रकलेचा तास

"हे बघा बाई, म्हैस माझी आहे. ती काय शाळेची खुर्ची नाही, हवी तेव्हा उचलून मुलांपुढे मांडायला!"

दूधवाल्या आत्याने रिकामी चरवी दणकन खाली ठेवली आणि पदर कमरेला खोचला. समोर शाळेतली नवी बाई उभी होती. अंगाने काडीसारखी, खांद्याला कागदाची सुरळी अडकवलेली आणि हातात पेन्सिलींचा पत्र्याचा डबा. त्या वर्षी वरून हुकूम आला होता, की सगळ्या सरकारी शाळांत चित्रकला शिकवायची. त्या हुकमाबरोबर ही बाई आली. गावाने तिचं नाव विचारण्याआधीच तिला 'चित्रबाई' करून टाकलं.

"आत्या, फार नाही, एकच तास. तुम्ही धार काढता तेवढा वेळ."

"का? तुमच्या शाळेत काढण्यासारखं दुसरं काही उरलं नाही?"

"सगळं काढून झालं हो," चित्रबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "माठ काढला, कंदील काढला, घंटा काढली. मग हेडमास्तरांना बसवलं, तर ते झोपले. मुलांनी त्यांचं उघडं तोंड इतकं हुबेहूब काढलं की ते आता वर्गाच्या दारातसुद्धा थांबत नाहीत. कोंबडी एका जागी ठरत नाही. शेळी आणली, तर तिनं स्वतःचंच चित्र खाल्लं."

आत्याला हसू येत होतं, पण तिने ते दाताखाली दाबलं. तिचा गोठा शाळेला अगदी लागून, मध्ये फक्त कमरेएवढी मातीची भिंत. शाळेतला प्रत्येक गलका तिला ऐकू यायचा आणि गोठ्यातला प्रत्येक वास शाळेला. त्यावरून दोन्हीकडून कधी तक्रार नव्हती.

"माझी ढगी तशीच चमत्कारिक आहे," आत्या म्हणाली. "रेडकू गेल्यापासून पान्हा सोडायला छळते. मी गाणी म्हणते, पाठ खाजवते, आंबोणात गूळ घालते. तेव्हा कुठे मेहेरबानी करते. त्यात तुमची ही फौज समोर बसली, तर संपलंच. दूध आटलं तर मी खाऊ काय, चित्रं?"

चित्रबाई जायला वळली. जाता जाता भिंतीपाशी थांबली आणि ढगीकडे बघत आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण आहे किती सुंदर! शिंगांचा बाक बघा."

झालं. आत्या तिथेच विरघळली. इतक्या वर्षांत ढगीला कोणी तापट म्हटलं होतं, कोणी खादाड, पण सुंदर म्हणणारं पहिलंच माणूस दारात आलं होतं.

"उद्या या," ती म्हणाली. "पण पोरांना दामटून ठेवा. आणि आज नको, आज ती चिखलात लोळून आलीय."

दुसऱ्या दिवशी ढगी घासूनपुसून, शिंगांना तेल लावून उभी होती. मुलं भिंतीवरून उड्या टाकून आली आणि पोत्यावर बसली. चित्रबाईने ओठांवर बोट ठेवलं. मग अंगणात असं काही घडलं, जे आत्याने कधी पाहिलं नव्हतं. सगळी शाळा गप्प झाली. माना वर, माना खाली. वर, खाली. नुसता पेन्सिलींचा खर्रखर्र आवाज, जणू गवतात बारीक पाऊस पडतोय. ढगीने मुलांकडे पाहिलं, मुलांनी ढगीकडे. तिचे कान हलायचे थांबले, रवंथ थांबला, डोळे अर्धे मिटले आणि आत्याचा हात कासेला लागतो न लागतो तोच पान्हा उतरला. चरवी बघता बघता फेसाने भरली.

"अगं बाई!" आत्या पुटपुटली. "आणि मी इतके दिवस घसा फोडत होते!"

त्यानंतर रोजचंच ठरलं. शाळेची घंटा झाली की ढगी आपणहून खुंट्यापासून सरकून उजेडात उभी राहायची, मान जराशी वळवून. आत्यालाही आता त्यातलं कळायला लागलं होतं.

"चित्रबाई, आज डावी बाजू घ्या हो. उजवीकडे गोचीड चावलीय, चांगलं दिसत नाही."

आणि धार झाली की ती मुलांच्या पाठीमागून फेरी मारायची. "काय रे, पाच पाय काढलेस?"

"तो पाय नाही आत्या, शेपूट आहे."

"मग शेपटाला खूर कशाला?"

सुट्टीच्या दिवशी ढगी जरा हात आखडता घ्यायची. आत्याला वाटायचं, चारा निबर निघाला असेल. तिने फार विचार केला नाही.

घोटाळा झाला तो पुढाऱ्यामुळे. गावचा पुढारी म्हणजे शाळेच्या कमिटीचाही मुख्य. उंच टोपी घालायचा, आणि त्या टोपीखाली आपण किती मोठे आहोत याचा त्याला कधी विसर पडायचा नाही. एका सकाळी तो लांब शेताच्या फाटकाशी उभा राहून कोणावर तरी खेकसत होता. नेमका त्याच वेळी चित्रबाई मुलांना शिकवत होती, की जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं लहान. म्हैस काढा आणि तिच्यामागे जे जे दिसतं ते काढा. मुलांनी दिसलं ते काढलं.

पुढे ती चित्रं शाळेच्या भिंतीवर लागली आणि गाव बघायला लोटलं. प्रत्येक कागदावर ढगी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली आणि तिच्या पोटाखालून, पार मागे, अंगठ्याएवढा एक माणूस दिसत होता. सगळ्यांत सुरेख चित्र होतं पुढाऱ्याच्याच नातीचं. पुढारी त्याच्यापुढे थांबला.

"हा कोण गं?"

"तुम्हीच की आजोबा! ओळखू आलं ना टोपीवरून?"

"मी? म्हशीच्या पोटाखाली?"

"पोटाखाली नाही हो, लांब. लांबचं लहानच दिसतं."

"मला या गावात आजवर कोणी लहान म्हटलेलं नाही!"

"म्हटलं कुठे? काढलंय," मागून चहावाला म्हणाला आणि सगळे हसले. चहावाल्याला नको तिथे बोलायची खोड होती. त्या हसण्याने घात केला.

"चित्रकलेचा तास बंद!" पुढारी गरजला. "त्या वेळात पोरं पाढे म्हणतील. सरकारी शाळा आहे ही, म्हशीचा फोटो स्टुडिओ नाही."

चित्रकलेचा हुकूम वरचा होता हे खरं. पण वरचा हुकूम गावात पोचेपर्यंत दमलेला असतो आणि पहिला विसावा पुढाऱ्याच्याच ओट्यावर घेतो. महिनाअखेरीला चित्रबाईने दुसरीकडे जायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. ढगी सवयीने उजेडात येऊन उभी राहिली, मान वळवली. भिंतीवरून कोणी आलं नाही. पलीकडून नुसत्या पाढ्यांच्या आरोळ्या येत होत्या. ढगीने भिंतीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं आणि कास अशी आवळून धरली की थेंब सुटेना. आत्याने गाणी म्हटली. गूळ घातला. हात जोडले. चरवीचा तळ कसाबसा झाकला.

असेच दिवस जायला लागले. जनावरांचा डॉक्टर आला, त्याने ढगीला पुढून मागून तपासलं.

"ठणठणीत आहे. काही मनाला लावून घेतलंय का तिनं?"

"ते तुम्हीच विचारा तिला, फी तुम्ही घेणार ना," आत्या वैतागून म्हणाली.

आत्याचा रतीब थांबला, चहावाल्याकडे काळा चहा सुरू झाला. घरोघरी पोरं रडू लागली. पुढाऱ्याची बायको दुधाचं भांडं घेऊन यायची आणि तशीच परत जायची. तेवढं आत्याने निभावलं असतं. पण धाकटी जाऊ एक दिवस गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, हिची कास अशीच सुकली तर हिला पोसणार कशी? व्यापारी येतोय बाजाराच्या दिवशी. विकून मोकळ्या व्हा."

आत्या ढगीच्या मानेखाली खाजवत राहिली. त्या गोठ्यात ढगीच्या आईचीही धार तिनेच काढली होती.

बाजाराचा दिवस तोंडावर आला तेव्हाची गोष्ट. आत्या चरवी घेऊन बसली होती, आशा सोडूनच. आणि एकाएकी तिच्या बोटांवर ऊन दूध आलं! धार वाजायला लागली. आत्या दचकून मागे वळली. भिंतीवर कोपरं टेकून पुढाऱ्याची नात उभी होती. पाढा चुकला म्हणून तिला वर्गाबाहेर काढलं होतं आणि ती पाटीवर ढगीला काढत होती. मान वर, मान खाली.

"थांबू नकोस, माझी बाय!" आत्या ओरडली. "शेपूट काढ! शेपटाचे केस मोज!"

पण तेवढ्यात आतून हाक आली, पोर पळाली आणि ढगीने नळ बंद केल्यासारखी कास आवळली.

आत्या तशीच ओल्या हातांनी पुढाऱ्याच्या ओट्यावर गेली. सगळं ऐकून पुढारी पोट धरून हसला.

"म्हणजे तुझ्या म्हशीला चित्र काढून घ्यायचंय? उद्या म्हणेल आरसा आणा!"

"भाऊ, हसा खुशाल. पण पोरांना पाठवा."

"पोरं कशाला? मी स्वतः येतो. समोर बसतो, चित्र काढतो. बघू तुझी म्हैस काय करते. हे थोतांड सगळ्यांदेखत उघडं पाडतो!"

सकाळी पुढारी आला. साक्षीला चहावाला. पालथ्या टोपलीवर पुढाऱ्याने बैठक मारली, मांडीवर पाट घेतला, कागद पसरला आणि ढगीकडे न बघताच फराफरा रेघा ओढल्या.

"झाली म्हैस. आलं दूध?"

"नाही," आत्या म्हणाली.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"तुम्ही तिच्याकडे बघितलंच नाहीत. तिला काय फसवता येतं?"

"म्हैस काय बघायची? जन्मभर बघतोय."

"मग सांगा, तिची शिंगं कुठे वळलीत? आणि डोळ्यावर पांढरं आहे का नाही?"

पुढाऱ्याला ठाऊक नव्हतं. नाइलाजाने त्याने मान वर केली. शिंगं मागे जाऊन अर्ध्यात वळली होती. त्याने वळण काढलं. ते चुकलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा काढलं. डोळ्यावर खरंच एक पांढरी फुली होती. हे त्याच्या आजवर लक्षात कसं आलं नाही? टोपी गरम व्हायला लागली म्हणून त्याने ती काढून बाजूला ठेवली. मान वर, मान खाली. पेन्सिल खर्रखर्र वाजू लागली.

ढगीने डोळे अर्धे मिटले. चरवीत धार वाजली.

"आलं! आलं दूध!" चहावाला नाचत उठला.

"खाली बस, गाढवा!" पुढारी कडाडला. "तिची मान हलली ना!"

चरवी भरली, आत्याने फेस निवळू दिला, ढगीला चारा टाकला, तरी पुढारी उठेना.

"भाऊ, झाली धार. जा आता घरी."

"थांब गं. पाय राहिलेत." मग जरा वेळाने, आवाज उतरवून, "काहीतरी चुकतंय बघ. दोन्ही शिंगं सारखीच काढलीत मी, पण हिचं डोकं कोणी चाकाखाली चेपल्यासारखं दिसतंय."

"मला काय विचारता? बाईंना विचारा."

"त्या कुठे आहेत?"

"सामान बांधतायत. तुमचीच कृपा."

कागद सदऱ्याच्या आत लपवून पुढारी चित्रबाईच्या खोलीवर गेला. आत्याही मागोमाग गेली. असली मौज सोडणारी ती नव्हती. चित्रबाईने चित्र हातात घेतलं, हसली नाही.

"पलीकडचं शिंग तुमच्यापासून लांब आहे ना? ते लहान काढा."

"लहान?"

"थोडंसं."

पुढाऱ्याने कागद परत घेऊन हातभर लांब धरला. मग म्हणाला, "म्हणजे लहान काढलं म्हणून ते शिंग काही लहान होत नाही."

"छे हो! नुसतं लांब असतं."

"हं." त्याने घसा खाकरला. वळकटीची दोरी स्वतःच सोडायला बसला. "हे सामान ठेवा जागच्या जागी. चित्रकला शिकवा असा सरकारी हुकूम आहे. हुकूम पाळायला नको? या गावात काही कायदा आहे की नाही?"

व्यापारी बाजाराच्या दिवशी आला आणि आत्याकडे दुधाचा चहा पिऊन गेला.

तास पुन्हा सुरू झाला. मुलांच्या मागे, पालथ्या टोपलीवर, पुढारीही बसू लागला. नात त्याची पेन्सिल तासून द्यायची आणि "आजोबा, कागदावर वाकू नका, बघा जास्त" म्हणून त्याला दटावायची. तो मुकाट ऐकायचा. आता तो गोठाही नाही आणि ती भिंतही नाही, पण त्या अंगणात पसरलेली तेव्हाची शांतता ज्यांनी ऐकलीय ते अजून तिची आठवण काढतात.

वर्ष सरताना पुन्हा चित्रं भिंतीवर लागली. मधोमध पुढाऱ्याचं चित्र. ढगी कागदभर, डोळ्यावर फुली, पलीकडचं शिंग बरोबर लहान. आत्या जवळ गेली, तिने डोळे बारीक केले. ढगीच्या पोटाखालून, पार मागे, फाटकाशी अंगठ्याएवढा एक माणूस उभा होता. पुढाऱ्याने स्वतःच काढलेला, अगदी नियमाप्रमाणे लहान.

टोपी मात्र त्या माणसापेक्षा मोठी होती.

"भाऊ," आत्या म्हणाली, "टोपी जवळ होती वाटतं?"