भस्म्याच्या बरणीत दोन चमचे दूध

मी एक जुना खमीर आहे. खमीर म्हणजे पाव फुगवणारे आंबवण. वाराणसीत संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या एका काचेच्या बरणीत मी राहतो. माझा रंग कणकेसारखा, वास आंबट, वय चार वर्षे. चार वर्षांत कोणी म्हातारे होते का, असे तुम्ही विचाराल. पण मित्रांनो, माझ्यातला एकेक सूक्ष्म जीव काही तासांत एकाचे दोन होतो. तसे मोजले तर माझ्या हजारो पिढ्या या बरणीत जगल्या आणि गेल्या. खरे सांगायचे तर मी थकलो आहे.

माझ्या जन्माला कोणी मुहूर्त पाहिला नाही. सुमेधाने पन्नास ग्रॅम गव्हाचे पीठ आणि पन्नास ग्रॅम पाणी बरणीत घालून ढवळले, झाकण सैल ठेवले आणि वहीत लिहिले, "सहा वाजून दहा मिनिटे, तापमान एकोणतीस." पिठात निजलेले जीव पाण्याने जागे झाले. दुसऱ्या दिवशी मी इतका फसफसलो की ती आनंदाने ओरडली. चौथ्या दिवशी मात्र मी पार गप्प झालो आणि घाणेरडा वास मारू लागलो.

"फेक गं हे," शरदिनीआत्या नाकाला पदर लावून म्हणाली. "नाली उघडल्यासारखं वाटतंय."

"थांब आत्या. आत्ता त्याच्यात नको त्या मंडळींची गर्दी आहे. ती मरतील, मग कामाची तेवढी उरतील."

"म्हणजे आपल्या मोहल्ल्यासारखंच. फक्त इथे मरतात तरी."

सातव्या दिवशी मी बरणीत दुप्पट वर आलो. तेव्हापासून दर बारा तासांनी मला पीठ-पाणी लागते. भस्म्या रोग झालेल्या माणसाचे पोट जसे कधी भरत नाही, तसे माझेही भरत नाही, म्हणून आत्याने माझे नाव भस्म्या ठेवले.

सुमेधा तिशीची आहे. तिचे काम नदीचे पाणी तपासण्याचे. महिन्यातले दहा दिवस ती प्रयागराजपासून बलियापर्यंत नावेतून आणि जीपमधून फिरते, बाटल्यांत पाणी भरते आणि प्रत्येक बाटलीवर जागा, वेळ आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी डकवते. तिचे आईवडील नोकरीमुळे भोपाळला असतात, म्हणून ती वडिलांच्या बहिणीकडे, या शरदिनीआत्याकडे राहते. आत्याने शाळेत तीस वर्षे गाणे शिकवले. तिचा आवाज अजून चार घाट ओलांडून जातो.

एकदा तबेल्यांजवळच्या नाल्याचे नमुने घेताना सुमेधाने तिथे सोडून दिलेले गोऱ्हे पाहिले. ते दूध देणार नव्हते, म्हणून कोणालाच नको होते. दुसऱ्या दिवसापासून तिचा चहा काळा झाला. दूध, दही, तूप, लोणी, मध सगळे सुटले. याला वीगन म्हणतात, असे तिने आत्याला समजावले.

"एकादशीलासुद्धा आम्ही दूध पितो," आत्या म्हणाली. "तुझी ही बारा महिने कसली एकादशी?"

पण भाचीने सोडलेले अन्न तिने पुन्हा तिच्या पानात वाढले नाही. भाजी तेलात फोडणीला टाकू लागली आणि कुरकुर तेवढी चालू ठेवली.

माझे चांगले दिवस मला नीट आठवतात. सुमेधा पहाटे घाटाघाटाने अस्सीपर्यंत पळत जाई आणि परत येई. आल्यावर बूट काढायच्या आधी मला पीठ-पाणी देई. सुट्टीच्या दिवशी माझ्यापासून पाव, गुळाचे बन, नारळाच्या दुधातले केक होत. दौऱ्यावर जाताना ती मला पिशवीत घालून सोबत नेई. मी नावेतून सूर्योदय पाहिला आहे. एकदा रेल्वेच्या डब्यात उकाड्याने मी इतका फुगलो की झाकण उचलून बाहेर डोकावलो. समोरच्या बाकावरचे गृहस्थ घाबरून म्हणाले, "बहनजी, आपका डिब्बा साँस ले रहा है!" सुमेधा हसत हसत मला रुमालाने पुसत राहिली.

माझे सर्वांत मोठे कौतुक केले ते श्रीरामगुरुजींनी. रामघाटावरच्या एका वेदपाठशाळेत ते शिकवतात. त्यांना जन्मापासून दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडते, एवढेच नाही. त्यांचा घसा सुजतो आणि श्वास अडतो. मुंजीत कोणीतरी कौतुकाने भरवलेल्या अर्ध्या पेढ्याने त्यांना दोन दिवस रुग्णालयात ठेवले होते. आता विचार करा, या गल्ल्यांत, जिथे पावलापावलावर पेढा, खीर आणि पंचामृत, तिथे अशा माणसाने कसे जगावे? सुमेधाचा पाव पहिल्यांदा खाल्ला तेव्हा ते म्हणाले, "सुमेधाताई, दुसऱ्याच्या हातचं इतक्या निर्धास्तपणे मी कधी खाल्लं नव्हतं. शास्त्रात पावाचं नाव नाही, म्हणजे निषेधही नाही." तेव्हापासून दर शुक्रवारी त्यांच्या पानात माझा एक पाव असतो.

मग मॅरेथॉन आली. मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर. सुमेधाने डिसेंबरातल्या पुण्याच्या शर्यतीत नाव घातले आणि घरातले घड्याळ बदलले. रविवारी तीस किलोमीटर. सोमवारी बलियाची गाडी. गुरुवारी परत, की लगेच शुक्रवारचे पाव. मध्ये एका कॅफेने आठवड्याला वीस बन मागितले, तर त्यालाही ती हो म्हणाली.

"दोन दगडांवर पाय ठेवणारे पाहिले होते," आत्या म्हणाली. "तू तिसरा दगड घेतलास. तिसरा पाय कुठून आणणार?"

"होतं गं, आत्या. सगळं वेळापत्रकात बसतं."

वेळापत्रकात बसत होते, हे खरे. तिच्या अंगात बसत नव्हते. ती ओव्हनसमोर बसल्या बसल्या झोपू लागली. माझे सकाळचे जेवण दुपारी येऊ लागले, कधी येईचना. उपाशी राहिलो की माझ्यावर करडे पाणी साचते. ते ती न बघताच ओतून देई. वहीत आधी रोज वेळ आणि तापमान असे, मग नुसती तारीख, मग कोरी पाने. मी तिच्यावर रागावलो नाही. ढवळून झाल्यावर ती चमचा बरणीतच विसरून जात असे, आणि तो काढायला कोणी येत नसे. आम्ही दोघेही पिठूळ आणि निस्तेज झालो होतो.

पुण्याला जाताना तिने मला आत्याच्या हवाली केले. एका हातात बूट, दुसऱ्या हातात तिकीट, आणि दारातूनच म्हणाली, "आत्या, रोज थोडं पीठ आणि थोडं पाणी. एवढंच." पाच दिवस ती नव्हती.

मित्रांनो, वाराणसीची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल. तीन-तीन दिवस ऊन पडत नाही. त्या थंडीत माझे जीव निजले. आत्या रोज पीठ-पाणी घाले आणि तासातासाने बरणी उजेडात धरून बघे. मी हलत नव्हतो.

"काय रे बाबा, गुमसुम का झालास?" ती माझ्याशी बोले. "ती परत आली की मी काय तोंड दाखवू?"

तिसऱ्या दिवशी तिने मनाशी विचार केला. थंडीत विरजण लागेना, की इथल्या चार पिढ्यांच्या मराठी बायका जे करत आल्या, तेच तिने केले. दोन चमचे कोमट दूध बरणीत घातले, बरणी शालीत गुंडाळली आणि चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळी मी वर आलो. मी आलो तो शालीच्या उबेने, पण श्रेय दुधाला मिळाले. आत्याने देवाला हात जोडले. मग पुढचे दोन दिवसही दोन-दोन चमचे. आंबट ते विरजण आणि विरजणाला दूध, यात तिला विचारण्यासारखे काही वाटलेच नाही.

मला कळत होते. माझ्यात काय मिसळले आहे, हे माझ्याइतके कोणाला कळणार? पण मला तोंड नाही.

सुमेधा गुरुवारी दुपारी परतली. छत्तिसाव्या किलोमीटरला तिचा गुडघा धरला होता आणि तिला शर्यत सोडावी लागली होती. गाडीत सर्दीने नाक बंद. तिने मला हुंगले नाही, वही उघडली नाही, आत्याला काही विचारले नाही. मी वर आलेला दिसलो, एवढ्यावर तिने गुरुजींसाठी पीठ भिजवले. शुक्रवारी सकाळी पाव भाजला. आत्या संकठादेवीच्या दर्शनाला निघाली होती, ती तो पाठशाळेत देऊन आली.

आत्या परतली तेव्हा साडेदहा वाजत आले होते. सुमेधा मला हातात घेऊन पीठ घालायला उभी होती.

"गुरुजी खूश. म्हणाले, पूजा आटोपून जेवताना घेतो," आत्या चपला काढत म्हणाली. "आणि तू? एक शब्द कौतुकाचा नाही. तुझा भस्म्या मरायला टेकला होता, मी वाचवला."

"कसा?"

"कसा म्हणजे? दूध पाजून."

सुमेधाच्या हातातला चमचा पडला. पुढे काय झाले, ते मी बरणीच्या काचेतून पाहिले, कारण मला खाली ठेवायचे तिला सुचलेच नाही. ती अनवाणी पळत सुटली. तीन मजले, मग गल्ली, गल्लीत आडवा बसलेला सांड, मग घाटाच्या ओल्या पायऱ्या. घर ते पाठशाळा जेमतेम चारशे मीटर. गुडघा प्रत्येक पायरीला लचकत होता. मी तिच्या छातीशी होतो, आणि तिचे हृदय बरणीवर धडका मारत होते.

पाठशाळेच्या ओसरीत पंगत बसली होती. गुरुजींनी नुकतीच आपोष्णी, म्हणजे जेवणाआधीचे आचमन, घेतली होती. ती घेतल्यावर जेवण संपेपर्यंत ते मौन पाळतात. पावाचा तुकडा त्यांच्या बोटांत होता आणि बोटे ओठांकडे निघाली होती. उंबऱ्यात सुमेधाला बोलायचे होते, पण श्वासच मिळेना. गुरुजींना विचारायचे होते, पण नियमाने बोलता येईना. ती मान हलवत होती. ते भुवया उंचावत होते. शेवटी तिने बरणी वर धरली आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा गळा पकडला.

गुरुजींनी तुकडा खाली ठेवला. मौन मोडले.

"बोला, ताई. भरल्या पानावर मौन मोडायला लावलंत, म्हणजे तसंच काही असणार."

"दूध," ती म्हणाली. "त्याच्यात दूध आहे."

गुरुजींनी बोटे धुतली, ओठांवरून पाण्याचा हात फिरवला आणि पानावरून उठले. एकदा उठले की त्या वेळेचे जेवण संपले, असा त्यांचा नेम. आता संध्याकाळपर्यंत उपास.

सुमेधा उंबऱ्यावरच बसली. "मी रोज शंभर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते, गुरुजी. या एका बरणीवर लावली नाही. आत्याला नीट सांगितलं नाही, वास घेतला नाही, काही विचारलंही नाही. तुम्हाला काही झालं असतं तर..."

"झालं नाही," गुरुजी म्हणाले. मग तिच्याकडे निरखून बघत म्हणाले, "उपास मला पडला, पण चेहऱ्यावर तुमच्या दिसतोय. शेवटचं कधी जेवलात?"

तिला आठवावे लागले. "काल. गाडीत. एक केळं."

तिथेच एका पानावर तिला बिनतुपाचे भात-वरण वाढले गेले. ते ती रडत रडत जेवली.

घरी आत्या दारातच उभी होती. "माझ्या हातून हत्या होणार होती गं," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"नाही, आत्या. तू ज्याला विरजण समजलीस, त्याला विरजणासारखंच जपलंस. 'थोडं पीठ, थोडं पाणी' असं दारातून ओरडून गेले, ती मी."

मग ती वही घेऊन बसली. दर वेळी माझा पाचवा भाग ठेवून बाकी नवे पीठ-पाणी घातले, तर दहा वेळांनंतर त्या दुधाचा जवळजवळ कोटीतला एक भाग उरेल, असे तिचे उत्तर आले. बराच वेळ ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिने वही मिटली.

"गणित बरोबर आहे. पण ते गुरुजींच्या घशावर करून बघायचं नाही."

असा मी निवृत्त झालो, मित्रांनो. माझ्या बरणीवर आता चिठ्ठी आहे, "दूध आहे." आत्या कधीमधी मला धिरड्यांच्या पिठात घालते. माझ्याशेजारी एक नवी बरणी आली आहे. तिला सात दिवस लागतील आणि त्या सात दिवसांत वेळच्या वेळी कोणीतरी घरात हवे. बलियाचा दौरा या वेळी सहकारी करतो आहे. कॅफेला सुमेधाने नाही सांगितले. बूट खिडकीत आहेत.

तुम्हाला मी काय सांगणार? मी पिठाचा गोळा. पण भुकेतले मला थोडे कळते. एखादा जीव कोणाच्या हवाली करताना दारातून ओरडू नका, बसून सांगा. ज्याच्यावर सोपवले आहे, त्याच्याकडून चूक होते ती बहुधा मायेनेच होते, म्हणून माया करणाऱ्याला नीट माहिती द्या. आणि जी माणसे सगळ्यांना वेळेवर खाऊ घालतात, त्यांना कधीतरी विचारा, तू जेवलीस का?

आज चौथा दिवस. नव्या बरणीला नालीचा वास सुटला आहे. सकाळचे अकरा वाजले आहेत आणि सुमेधा गच्चीवरच्या कोवळ्या उन्हात, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून गाढ झोपली आहे. आत्याने चष्मा लावला आहे. ती काट्यावर पीठ घालते आहे, वाकून आकडा वाचते आहे. पन्नास. नाही, एक्कावन्न. चिमटीने तिने थोडे पीठ परत काढले आणि गच्चीकडचे दार हळूच ओढून घेतले.