घरच्या माणसाची बोली

लिलाव म्हणजे काय असतो, हे मला या वयात कळायचं होतं. मालकांना जाऊन महिना झाला नाही तोच त्यांच्या पुतण्याने शेत, अवजारं, जनावरं, सगळंच विकायला काढलं. अंगणात नांगर, पिंपं, दुधाच्या चरव्या ओळीने मांडलेल्या. मी घासून घासून चकचकीत ठेवलेल्या चरव्यांत लोक खुशाल बोटं घालून बघत होते. असा राग आला म्हणून सांगू!

पण मी आले होते फक्त म्हातारीसाठी. म्हातारी म्हणजे मालकांची घोडी. आता तिच्याच्याने गाडी ओढवत नव्हती, आणि बाहेरगावचा एक व्यापारी सकाळपासून तिच्याभोवती घिरट्या घालत होता. असली थकलेली जनावरं तो कशासाठी घेतो, ते काय सांगायला हवं? माझ्या घरामागे आईच्या वेळचा गोठा रिकामा पडलेला. मालक गेल्यापासून मी भिंतींशी बोलत होते. ऐकताना निदान कान हलवणारं कोणीतरी हवं होतं मला.

व्यापाऱ्याने पहिली बोली दिली. मी हात वर करून त्या बोलीवर थोडं चढवलं. सगळं अंगण चिडीचूप. व्यापाऱ्याने पुन्हा तोंड उघडलं, तर शेजारी उभ्या असलेल्या नालबंदाने त्याची बाही ओढली.

मला वाटलं, माझा आकडा इतका हलका की लोकांनाच लाज वाटतेय. मी आणखी चढवलं. कोणी हूं की चूं नाही. परत चढवलं. मला तर घाम फुटला.

"बाई, भांडताय कोणाशी?" लिलाव पुकारणारा म्हणाला. "स्वतःच्याच बोलीवर बोली लावताय."

"मग हे सगळे मूग गिळून का बसलेत?"

"घरचं माणूस बोललं की इथे बाकीचे बोलत नाहीत. घोडी केव्हाच तुमची झाली."

"मी घरची नाही," मी म्हणाले. "कामाला होते."

खोटं नव्हतं ते. रोज रात्री जेवणं झाली की मी भांडी आवरायची. मालक समोर बसून काहीबाही बोलायचे. मग मी कंदील घेऊन माझ्या घरी. अर्धं आयुष्य असंच गेलं. एकदा ते दारापर्यंत सोडायला आले, जरा घुटमळले. मी थांबले. म्हणाले, "उद्या पाऊस येईल बहुतेक."

मी पुतण्याकडे पाहिलं. तो तरी सांगेल, ही कामवाली आहे म्हणून. तो खाली बघत राहिला. दुसरंही कोणी बोललं नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही दोघंच तेवढे शहाणे!

"एक वार, दोन वार, तीन वार." पुकारणाऱ्याने माझ्या पहिल्याच बोलीला घोडी मला दिली.

नालबंदाने दोर आणून माझ्या हातात ठेवला. इतकी वर्षं तो आमच्या दारी यायचा, नाल ठोकायचा, माझ्या हातचा चहा प्यायचा. मालकांना 'दादा' म्हणायचा आणि मला 'बाई'.

"सांभाळून न्या, वहिनी," तो म्हणाला. "उजवीकडे ओढते ती."

ज्यांच्यामुळे वहिनी व्हायचं, त्यांच्या कानावर हे कधी पडलंच नाही. मी "बरं" म्हणाले आणि फाटक ओलांडेपर्यंत कसंबसं रडू आवरलं.