राखणेचा नर

सर्वेशने कोंबडा डाव्या हातावर उताणा धरला आणि छातीच्या हाडावरून अंगठा फिरवत खालपर्यंत नेला. हाड मध्येच किंचित वाकलं होतं. त्याने मान हलवली.

"मापश्याक."

पद्मावतीने लेकाच्या हातून कोंबडा घेतला आणि डावीकडच्या पाटीत कोंबला. डावीकडचे परवा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात कापायला जायचे, उजवीकडचे विणीला राहायचे. सकाळपासून डाव्या बाजूला तीन पाट्या भरल्या होत्या. उजवीकडे पाचच माद्या होत्या.

"सगळेच मापश्याक धाडतंस. मागे ठेवतलंस काय, पिसां?"

"पिसांची उशी कर. ही टोचता."

खाट सोप्यावर होती, खांबाला लागून. उशीजवळ फोनवर कीर्तन चालू होतं. बुवा आख्यानात रंगले, झांज वाढली की सर्वेशची बोटं हातातल्या पक्ष्याच्या पाठीवर आपोआप ठेका धरत. गावच्या देवळात पखवाज वाजवणारे हात होते ते. कमरेखाली मात्र चादर सकाळी जशी अंथरली तशीच, एक चुणी हललेली नव्हती. धारगळच्या हमरस्त्यावर टँकरने त्याची दुचाकी उडवली त्याला गेल्या चतुर्थीला वर्ष झालं होतं.

हाताला पटलेला पक्षी तो लगेच उजवीकडे घालत नसे. आधी सोप्यावर चालवून बघायचा. मांस चढलं की कित्येकांचे पाय वजन पेलत नाहीत, आणि तो कमकुवतपणा पिलांत उतरतो. पद्मावतीने एक करडा नर जमिनीवर सोडला. चार पावलं नीट गेला, पाचव्याला डावी तंगडी मागे राहिली.

"ओढता," सर्वेश म्हणाला. "मापश्याक."

ती वाकली. करड्याला उचलायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

मग तांबडा आला. काळी शेपूट, जाड पिवळे पाय, रुंद पाठ. सर्वेशने त्याला दोनदा तोललं, डोळे मिटून छाती चाचपली आणि फोनचा आवाज कमी केला.

"सोड."

तांबडा खांबापासून दारापर्यंत गेला. दारात थांबून घरमालकासारखा आत बघत राहिला.

"परत."

तो परत चालला. सर्वेश कोपरांवर रेलून त्याचं प्रत्येक पाऊल बघत होता.

"ह्यो," तो म्हणाला. "आये, ह्यो गावलो. जुनो नर मानमोडीन मेलो तेव्हा माका वाटला, आता ह्या धंद्याक काय अर्थ नाय. ह्येची पिलां बघ तू. दोन वर्सांत मापश्याची माणसां घराकडे येतली."

पद्मावतीने तांबड्याला धरलं, पण कुठल्याच पाटीत ठेवलं नाही. पायाला सुंभ बांधून खाटेच्या खुराला अडकवलं.

"तो ठेवूचो नाय. तो राखणेक सांगलेलो आसा, राखणदार देवाच्या मानाक."

"खंयच्या राखणेक?"

"आजच्या. तुझो काका येतलो दुपारी. तू बांबोळीच्या हॉस्पिटलात बेशुद्ध होतंस तेव्हा बोललंय मी राखणदाराक. जीव राख, उत्तम नर देतंय. जीव राखल्यान. आता ह्यो द्यायचो आणि पाय मागायचे."

बुवा अभंगाचं एक चरण पुन्हा पुन्हा घोळवत होते.

"दुसरो दी. पाटीत चांगलो पांढरो आसा."

"देवाक उणा देऊ?"

"राखणदार काय तराजू घेऊन बसलोसा?"

"तुझ्या पायांसाठी आसा ता, सर्वेशा."

चादरीवरचं एक पीस उचलून त्याने फुंकर मारून उडवलं.

"भात बघ," तो म्हणाला. "वास येता."

वास येत नव्हता. तरी ती आत गेली. चुलीपुढे बसली असताना बाहेर पंखांची एकच जोराची फडफड झाली, कोंबडा किंचाळला, आणि कीर्तनाचा आवाज वाढला.

भिकाजी आला तेव्हा उन्हं डोक्यावर होती. पद्मावतीचा धाकटा दीर. राखणदारापुढे घराचं गाऱ्हाणं घालायचा मान नवऱ्यामागे त्याच्याकडे आला होता. पिशवीत नारळ, विड्या आणि माडाच्या दारूची बाटली.

"काय रे कोंबड्यांच्या मामलेदारा," तो पायरीवरूनच ओरडला, "किती जणांक फाशी दिलंस आज?"

"तुमचीच वाट बघी होतंय, काका. वजन करूचा आसा तुमचा."

भिकाजी मोठ्याने हसला. मग वाकून त्याने तांबड्याचा तुरा बघितला. "जनावर बरा आसा," हळूच म्हणाला. "वैनी, ह्येचे पाय धुवा. तुरो बघलंय मी, अखंड आसा. नखां तेवढी बघा. खोट असली तर चलना नाय."

पद्मावतीने तांब्या आणला, तांबड्याला काखेत धरलं आणि उजव्या पायावर पाणी घातलं. मग डाव्या. बोटं फाकवली आणि तिचा हात थांबला.

दोन बोटांमधल्या पडद्याला गोल भोक होतं. विणीला ठेवलेल्या पक्ष्याला खुणेसाठी पाडतात तसं. पाणी लालसर होऊन तिच्या मनगटावरून ओघळलं. भोक पाडायचा चिमटा सकाळी तिनेच खाटेवर दिला होता, उजवीकडच्या माद्यांसाठी. आता त्याची मूठ उशीखालून दिसत होती.

तिने वर पाहिलं. सर्वेश तिच्याकडेच बघत होता. त्याने नजर काढली नाही. तिला वाटलं, हा आता काहीतरी बोलेल. रडेल तरी. तो नुसता बघत राहिला, सकाळी तांबड्याला चालवताना बघत होता तसा, नीट आणि शांत.

"वैनी? झाला?"

तिने कोंबड्याचा पाय मुठीत मिटला.

"ह्यो चलूचो नाय, भावजी. खोट आसा. भोक आसा पायाक."

"ह्या खेपेक आजून भोकां पाडूक नाय म्हणालात मा काल?"

"एकाक पाडलेला. माझ्या ध्यानात रवाक नाय."

देवाच्या कामात ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली. पुन्हा पाणी घातलं, आणखी एकदा घातलं, स्वच्छ पाणी ओघळेपर्यंत.

भिकाजीने तिच्या मुठीकडे बघितलं, मग खाटेकडे. कपाळ पुसलं. स्वतः जाऊन पाटीतून पांढरा काढला, त्याची बोटं तपासली आणि काखेत मारला.

"गाऱ्हाण्यात काय सांगू?"

"घर राख म्हणा. शेत राख, गुरां राख. येत्या-जात्याक राख."

"आणि पायांचा?"

फोनवरची झांज थांबली होती. बुवा समोरच्या श्रोत्यांशी काहीतरी थट्टा करत होते आणि माणसं हसत होती.

"पायांचा नको," पद्मावती म्हणाली.

भिकाजीने पांढरा काखेत घट्ट धरला. मग पिशवी उचलून तीन पायऱ्या उतरला आणि बांधाच्या दिशेने चालू लागला. तो माडांपर्यंत पोचला तेव्हा तिने हाक मारली.

"भावजी! ती पंचायतीची चाकांची खुर्ची. श्रावणात घेऊन इल्ले आणि पाय येतले म्हणान मी परत धाडलेली. आजून आसा काय, विचारशात?"

तो वळला. "विचारतंय. पण ती खुर्ची ह्या पायऱ्यांवरसून खाली कशी जातली?"

पद्मावतीने पायऱ्यांकडे पाहिलं. चिऱ्याच्या होत्या. नवऱ्याने लग्नाच्या वर्षी स्वतः घडवून बसवलेल्या.

"फोडूया," ती म्हणाली. "खुराड्यापर्यंत उतरण करूया."